बाई, सही कुठल्या अर्जावर करू?

आदरणीय बाई,

मी कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेतली सून, वय ४१. मिस्टरांचं उद्यमनगरात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. घरासमोर दीडेक एकराचं मैदान आहे आणि तिथं आता करमणूक व क्रीडा केंद्र होणार म्हणतात. तळघरात पार्किंग, रस्त्याकडेला चौदा गाळे, वर बॅडमिंटनची तीन कोर्ट आणि जिम, त्यावर बहुउद्देशीय सभागृह, मागं पोहण्याचा तलाव. चालवायला तीस वर्षांच्या करारानं बाहेर देणार. परवा एकाच संध्याकाळी घरात दोन अर्ज आले. 'केंद्र झालंच पाहिजे' हा मिस्टरांच्या मित्राचा. त्याला पुढं निवडणूक लढवायचीय. 'मैदान वाचवा' हा माझ्या धाकट्या दिराचा. तो तालमीचा सेक्रेटरी. दोन्ही अर्जांवर 'आम्ही पेठेतील सर्व नागरिक' असंच छापलंय. मुलगा १४ वर्षांचा, फुटबॉल खेळतो, तो काकाच्या बाजूचा. मुलगी ११ वर्षांची, तिला बॅडमिंटन शिकायचंय. सासूबाई रोज तिन्हीसांजेला मैदानाच्या कट्ट्यावर बसतात. भागातल्या लोकांनी पाच जणांची समिती केलीय, त्यात 'एक बाई पाहिजे' म्हणून मला घेतलंय. पुढच्या महिन्यात महापालिकेच्या साहेबांबरोबर बैठक आहे. मी काय बोलू? सही कुठं करू?

– पेठेतली एक सून

तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची, त्यामुळं अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

पत्र फुलस्केपची तीन पानं आहे. इथं छापताना त्यातलं निम्मं गाळलंय. पण गाळलेल्यातली एक ओळ मी मुद्दाम इथं आणते. तिसऱ्या पानाच्या समासात, आडवी, मुंगीच्या अक्षरात: 'डॉक्टरांनी कंबरेसाठी पोहायला सांगितलंय, पण ते असो.' मुलगा, मुलगी, सासूबाई, दीर, मिस्टर, मिस्टरांचा मित्र, सगळ्यांना तू रेघेवर जागा दिलीस आणि स्वतःला समासात. बैठकीत काय बोलू म्हणून विचारतेस ना? ही ओळ बोल. बाकीच्यांची बाजू मांडायला बाकीचे आहेत.

सहीचं म्हणशील तर बैठक होईपर्यंत कुठल्याच अर्जावर करू नकोस. समितीतल्या माणसानं आधीच सही करून ठेवली की बैठकीत त्याला कुणी विचारत नाही, त्याचा कौल सगळ्यांना माहीत असतो. मिस्टर आणि दीर दोघांना एकच उत्तर दे: 'मला आधी मोजू दे.' आणि खरंच मोज.

शंभर पानी वही घे. घर मैदानासमोर आहे, म्हणजे निम्मं काम झालंच. सात दिवस, दर तासाला खिडकीतून बघायचं आणि रकाने भरायचे: बाप्ये, बायका, मुलगे, मुली, गाड्या. ज्या तासाला तू स्वयंपाकात असशील तो तास मुलीला दे. आणि पाच ते सात ही वेळ दिराला दे. हो, त्यालाच. त्यानं स्वतःच्या हातानं भरलेला आकडा त्याला नंतर खोडता येणार नाही.

माझा अंदाज सांगू? पहाटे साडेपाचपासून चालणारी मंडळी. त्यात बायका बऱ्यापैकी, पण घोळक्यानं आणि कडेकडेनं. मग शाळेच्या रिक्षा. दहा ते तीन मैदान जवळजवळ रिकामं. कोपऱ्यात पत्त्यांचा डाव, दोन टेम्पो, कुणाची तरी उन्हात टाकलेली गादी. चारला लहान पोरं. पाचला फुटबॉल, आणि मग धूळ इतकी उडते की समोरचं घर दिसत नाही. सातनंतर मोबाइलचे उजेड. जेवणं झाल्यावर शतपावली. मुलींच्या रकान्यात पाचनंतर शून्य. अंदाज चुकला तर मला आनंदच होईल. चौतीस वर्षं खेळशिक्षिका होते, मुलींचा तो रकाना भरलेला मी फारसा बघितलेला नाही.

१९८६ साल असेल. आमच्या शाळेला स्वतःचं मैदान नव्हतं, म्हणून जवळच्या एका मैदानावर मुलींना खो-खोला न्यायचे. साडेतीनला पोचायचं, चुन्याच्या भुकटीनं रेषा मारायच्या, खुंट ठोकायचे. पाच वाजायच्या आधी पोरं बॉल घेऊन कडेला हजर. कुणी कधी 'जा' म्हटलं नाही. फार अदबीनं विचारायची, 'बाई, झालं का?' पाचची ती हाक पुढं पावणेपाचला यायला लागली, मग साडेचारला. शेवटी शेवटी माझ्याच मुली चार वाजून वीस मिनिटांनी चपला घालून उभ्या. चुन्याच्या रेषा पोरांच्या पायांनी रोज पुसल्या जायच्या आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा मारायचो. जिल्ह्याच्या स्पर्धेत आम्ही पहिल्या डावात पुढं असायचो आणि दुसऱ्या डावात दम तुटायचा. दम कुठून येणार? सरावाच्या दीड तासातला निम्मा वेळ रेषा मारण्यात आणि कडेला बघण्यात जायचा.

तेव्हापासून 'मैदान सगळ्यांचं आहे' असं कुणी म्हटलं की मी विचारते, किती वाजता?

म्हणून मी दिराच्या अर्जावर डोळे मिटून सही कर म्हणणार नाही. फुटबॉलनं वेडं झालेलं हे गाव. पेठापेठांची ईर्ष्या शाहू स्टेडियमवर बघावी. पण याच गावची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झाली, आणि राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलानं सुवर्ण आणलं. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. नेमबाजीच्या रेंजला कुंपण असतं, वेळ नेमून दिलेली असते, लेनला नंबर असतो. तुझ्या लेनवर तू उभी असताना कुणी 'झालं का?' म्हणत येत नाही. तुझ्या लेकीला बॅडमिंटनच का हवंय, ते तिलाही नीट सांगता येणार नाही कदाचित. मला विचारशील तर तिला चार रेघा हव्या आहेत, ज्या संध्याकाळी पाचला पुसल्या जात नाहीत.

आता त्या चार रेघांचा हिशोब. बॅडमिंटनचं कोर्ट ४४ फूट लांब, २० फूट रुंद. त्यावर एका वेळी खेळणार जास्तीत जास्त चार माणसं. तीन कोर्ट म्हणजे बारा. संध्याकाळचे मोक्याचे चार तास धरले तर अठ्ठेचाळीस माणसं, तीसुद्धा पास काढणारी. तुझ्या मैदानावर पाच वाजता साठ पोरं एकदम असतील, फुकट, अनवाणी. मोजणीत हा आकडा येणारच आणि तुझा दीर तो बैठकीत टेबलावर आपटणार. आपटू दे, त्याचा आकडा खरा आहे. तू शेजारी तुझा रकाना ठेव: साठात मुली किती, आणि बारात किती असू शकतात.

शेजारी ठेव म्हणते, कारण बारापैकी सहा मुली असतीलच याची हमी इमारत देत नाही. यावरून एक आठवलं. गावाचं नाव घेत नाही, पण एका शहरात असंच सुंदर क्रीडागृह झालं. लाकडी कोर्ट, काचेच्या खिडक्या, फीत कापली, फोटो आले. पहिलं वर्ष झकास गेलं. पण सभागृह 'बहुउद्देशीय' होतं. लग्नतिथी आली की दाराला पाटी, 'आज हॉल बंद'. तिसऱ्या वर्षी मी मुलींना घेऊन स्पर्धेला गेले, तर बेसलाइनवर हळदीचे डाग, कोपऱ्यात रुखवताच्या टेबलांचे ओरखडे, आणि मांडवाच्या खांबासाठी पाडलेलं एक भोक, त्यावर पुठ्ठा चिकटवलेला. माझ्या एका मुलीचा पाय त्याच पुठ्ठ्यावर मुरगळला. तिथल्या व्यवस्थापकाला जाब विचारला तर तो शांतपणे म्हणाला, 'बाई, शटलवाल्यांच्या पासातून लाइटबिलसुद्धा निघत नाही.' आणि तो खोटं बोलत नव्हता, त्यानं मला वही काढून दाखवली.

तुमच्या आराखड्यात तर पोहण्याचा तलाव आहे. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल धरला तर त्यात पावणेपाच लाख लिटरच्या आसपास पाणी बसतं. ते रोज गाळायचं, क्लोरिन मारायचं, पंप चालवायचे, जीवरक्षक दोन पाळ्यांत ठेवायचे. हा खर्च पावसाळ्यात तलावावर चार माणसं आली तरी तेवढाच. त्यामुळं चालवणाऱ्याला तोटा आला की पहिल्यांदा बंद काय होईल? गाळे नाहीत आणि लग्नाचा हॉलही नाही. तुझ्या कंबरेचा तलाव.

शाहू महाराजांचं नाव दोन्ही अर्जांत आहे, असं तू लिहिलंस. असणारच. कोल्हापुरात अर्ज करायचा आणि महाराजांचं नाव नाही, असं होत नाही. पण नाव घ्यायचं तर पुरतं घ्यावं. १९०२ साली महाराज युरोपला गेले, रोमला आखाडा बघून आले आणि १९१२ पर्यंत कुस्तीसाठी खासबाग उभी राहिली. तिच्या अंगालाच १९१५ साली पॅलेस थिएटर झालं, तेच आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. म्हणजे भर गावात कुस्ती आणि नाटक शेजारीशेजारी. करमणूक केंद्रच म्हण ना. मित्राच्या अर्जात एवढंच लिहिलं असेल. पण महाराजांनी आखाडा बांधून पाठ फिरवली नाही. पैलवानांना आश्रय दिला, त्यांच्या खुराकाची सोय केली. इमारतीलाही खुराक लागतो, तो दर महिन्याला कोण घालणार, हे तुझ्या साहेबांना विचारायचं. आणि तेच नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळताना आपण सगळ्यांनी बघितलंय. त्यामुळं वरच्या मजल्यावर सभागृह म्हटलं की माझा पहिला प्रश्न: अग्निशामकचा बंब तुमच्या गल्लीच्या तोंडाला वळतो का? दोन्ही कडेला मोटारसायकली लावलेल्या असताना?

तळघराचं मात्र सासूबाईंना विचार.

थट्टा करत नाही. जुन्या कोल्हापुरातली बरीच मोकळी जागा म्हणजे बुजवलेली तळी. गांधी मैदान हे वरुणतीर्थ होतं. शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वराचं तळं होतं. कपिलतीर्थावर मंडई झाली. तळ्याचं नाव बदललं म्हणून पाण्याला कळत नाही. पाऊस लागला की ते आपल्या जुन्या जागेवर येऊन बसतं. गांधी मैदानाची पावसाळ्यातली अवस्था बघितलीस तर पटेल. तुमच्या मैदानाखाली काय होतं मला माहीत नाही, पण सासूबाई त्या कट्ट्यावर कितीतरी वर्षं बसताहेत. लग्न होऊन आल्या तेव्हा शेजारच्या वाड्यातल्या आडाला पाणी किती खाली होतं? पाऊस थांबल्यावर मैदान वाळायला किती दिवस लागायचे? हे लिहून घे आणि बैठकीत माती परीक्षणाचा अहवाल माग. तळघर बांधता येत नाही असं नाही. मात्र त्यातलं पाणी उपसायला बारा महिने पंप लागला तर त्याचं बिल पार्किंगच्या पावतीवर येणार. शिवाय तळघरात जागा आहे म्हटल्यावर देवीच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्या तुमच्या गल्लीचा रस्ता विचारत येणार, तो भाग निराळा. नवरात्रातले नऊ दिवस आता सहन करता, ते मग दर शनिवार-रविवारी.

एक गोष्ट केंद्राच्या बाजूची, जी दोन्ही अर्जांत नाही म्हणून सांगते. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट. २०१९ ला आणि २०२१ ला नदी ५५ फुटांच्या वर गेली होती. तेव्हा माणसं शाळांच्या वर्गांत, मंगल कार्यालयांत, मिळेल तिथं राहिली. तुमची पेठ पुराच्या रेषेबाहेर असेल तर तिथं छपराखाली मोठी जागा, संडास-न्हाणीसकट असणं ही गावाच्या उपयोगाची गोष्ट आहे. मैदान कितीही प्रिय असलं तरी ऑगस्टात त्यावर झोपता येत नाही.

आता करार. तीस वर्षं म्हटल्याबरोबर मला टोल आठवला. २२० कोटींचे रस्ते, ४९.९९ किलोमीटर, तीस वर्षांची वसुली. गाव रस्त्यावर उतरलं, माझ्यासारख्या म्हाताऱ्यासुद्धा मोर्चात चालल्या, आणि २०१५ च्या डिसेंबरात टोल रद्द झाला. आपण त्याची आठवण अभिमानानं काढतो. काढावीच. पण करार झाला तेव्हा तो वाचलेले किती होते गं? नाके उभे राहिल्यावर वाचला आपण. तुमची तर अजून वीटही आलेली नाही. त्यामुळं तुझ्या समितीनं बैठकीत इमारतीचा रंगीत फोटो बघण्यात वेळ घालवू नये. कराराचा मसुदा मागावा. दर कोण ठरवणार आणि किती वर्षांनी वाढवणार? तलाव सलग एक महिना बंद राहिला तर चालवणाऱ्याला दंड आहे का? सभागृह वर्षातून किती दिवस भाड्यानं देता येईल, आणि त्या दिवशी खेळाच्या कोर्टाला कुलूप लागणार का? तोंडी 'तसं काही होणार नाही ताई' असं म्हणतील. 'मग लिहूनच टाकूया की' म्हणायचं, हसून.

बायकांच्या राखीव वेळेचं तू स्वतः बोलायचं. ते इतर चौघांच्या डोक्यात येणार नाही, त्यांचा दोषही नाही. महिलांसाठी दुपारी दोन ते तीन अशी बॅच ठेवली की कागदावर महिला आल्या आणि पाण्यात कुणीच नाही. दोनला कोण मोकळं असतं? नोकरी करणारी नाही, दुकान सांभाळणारी नाही, शाळेतली मुलगी तर नाहीच. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, आठवड्यातले निदान तीन दिवस, बाई जीवरक्षक आणि बाई प्रशिक्षक असलेली बॅच, असं माग. संडास बाहेरून, रस्त्याच्या बाजूनंही उघडता येईल असा माग. महाद्वार रोडला दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्या पोरींना विचार, जिम हवी की स्वच्छ संडास. आणि रात्री नऊला बॅच सुटल्यावर घरापर्यंतच्या गल्लीत दिवा आहे का, हेही तुझ्या वहीत लिही. दहानंतर माइक बंद ठेवायचा कायदा आहेच, तो सभागृहाच्या भाड्याच्या पावतीवर छापून घ्या म्हणजे रोज भांडायला नको.

कागदाचं थोडं सांगते. नगररचना विभागातून त्या जागेचा भाग नकाशा आणि झोन दाखला काढा, सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्ड. पहिल्या दोन कागदांवरून जागा कशासाठी राखलीय ते कळतं, तिसऱ्यावरून ती कुणाच्या नावावर आहे ते. विकास आराखड्यात त्या जागेवर 'मैदान' असं आरक्षण असेल आणि ते बदलायचं असेल, तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध होते आणि हरकती द्यायला महिनाभर मिळतो. त्या महिन्यात दिलेली एक लेखी हरकत, पोच घेतलेली, पाचशे सह्यांच्या अर्जापेक्षा जास्त कामाची. आणि आरक्षण बदलायचं नसेल तर मैदानाच्या जागेवर किती टक्के बांधकाम चालतं ते लेखी विचारा. उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज. तीस दिवस.

एवढं सगळं झालं, पण मला खरं सुचवायचंय ते वेगळंच आहे आणि त्याला महापालिकेची गरज नाही.

तालमीचा हॉल दुपारी बंद असतो ना? आपल्या पेठांतल्या तालमी म्हणजे काय, पेठेची करमणूक केंद्रंच की. कुस्ती, फुटबॉल, गणपती, सगळं तिथून चालतं. वर्गणीतून मजले चढले, जिमची मशिनं आली. पण बाई तालमीत पाऊल टाकते ते गणपतीच्या आरतीला. तुझ्या दिराला सांग, 'भावजी, सहा महिने, आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सहा ते साडेसात, हॉल बायकांना आणि मुलींना द्या. योगासनं करू, दोरीच्या उड्या मारू, मुलींना कबड्डी शिकवायला कुणीतरी बोलवू. फी लावू, लाइटबिल आम्ही भरू.' एवढंच. वेळ मात्र संध्याकाळचीच माग. दुपारची दिली तर घेऊ नकोस.

तो 'हो' म्हणाला तर पेठेत किती बायका खरंच येतात हे सहा महिन्यांत कळेल. पंचवीस आल्या तर केंद्र मागायला तुझ्याकडं आधार झाला. चारच आल्या तर तेही बरं, करोडोंची इमारत बांधून कळण्यापेक्षा. आणि तो 'नाही' म्हणाला, 'बघू', 'मंडळासमोर ठेवतो', 'पोरांच्या सरावाची वेळ आहे ती' असं म्हणाला, तर 'आम्ही पेठेतील सर्व नागरिक' मधल्या 'सर्व' ची मोजणी तुला आयतीच मिळाली.

हे दिराशी घरात बोल. बैठकीत नाही. चार लोकांत भावजयीनं विचारलं तर त्याला नाही म्हणावंच लागेल, तालमीत तोंड दाखवायचंय त्याला. घरात चहा पिताना विचारलंस तर तो विचार करेल. आणि त्याच्या विरोधामागं नुसतं मैदानाचं प्रेम आहे असं समजू नकोस, नुसता स्वार्थही समजू नकोस. पोरं संध्याकाळी त्याच्या डोळ्यांसमोर असतात. कोण सिगारेट ओढायला लागला, कोण शाळेला दांडी मारतो, हे त्याला आधी कळतं आणि आईबापांना मागून. मैदान गेलं की ती पोरं त्या बॅडमिंटन कोर्टावर जाणार नाहीत, पास कोण काढणार? ती चौकात जाणार. ही गोष्ट कुठल्याच रकान्यात येत नाही, आणि इमारत किती खर्चाची ठरेल हे बघताना मी तरी ती पहिल्यांदा धरीन.

मिस्टरांच्या मित्राचं फार मनावर घेऊ नकोस. निवडणुकीला उभं राहणाऱ्या माणसाला फीत कापायला काहीतरी लागतं. त्याला एवढंच विचार, गाळे कुणाला मिळणार हे लिलावानं ठरणार का? चेहरा बघ.

माझं मत विचारलंस म्हणून सांगते. मी तुझ्या जागी असते तर चौदा गाळे आणि तळघर नको म्हटलं असतं, सभागृह तर नकोच. मैदानाच्या एका कडेला, जिथं टेम्पो लागतात आणि पत्ते चालतात त्या बाजूला, एकमजली हॉल, दोन कोर्ट, संडास, एक खोली. बाकी मैदान जसंच्या तसं, धुळीसकट. पोहण्याचा तलाव पेठेत नको, तो जिथं पाणी आणि जागा आहे तिथं. यात एक मोठी अडचण आहे आणि ती मी लपवत नाही: गाळे नाहीत म्हणजे भाडं नाही, आणि भाडं नाही म्हणजे त्या लाइटबिलाची वही पुन्हा उघडते. महापालिकेनं दर वर्षी अंदाजपत्रकात त्या हॉलसाठी वेगळी रक्कम धरायची, असं मागावं लागेल, आणि दर वर्षी मार्चमध्ये जाऊन बघावं लागेल धरली का. ते काम पाच जणांच्या समितीचं. कंटाळवाणं आहे. दोन वर्षांनी त्यातले तिघं येणार नाहीत, हेही सांगून ठेवते. साहेब म्हणतील, दोन कोर्टांसाठी निधी मिळत नाही, मोठा प्रकल्प असला तर मिळतो. तेही खरं असेल. मग गाळे चौदाचे सहा करा आणि त्यांचं भाडं फक्त या जागेच्या देखभालीला वापरायचं असं करारात घाला. तिथपर्यंत मी तडजोड करीन, त्याच्या पुढं नाही.

बैठकीला एकटी जाऊ नकोस. समितीत एकच बाई घेतलीय तरी प्रेक्षक म्हणून शेजारणीला ने, जमलं तर मुलीलाही. एकट्या बाईनं केलेली सूचना इतिवृत्तात 'चर्चा झाली' या दोन शब्दांत जाते. निघण्यापूर्वी इतिवृत्त लिहिणाऱ्याकडं जाऊन तुझं वाक्य तुझ्या नावानं लिहिलंय का ते बघ, नसेल तर तिथंच उभी राहा.

आणि कंबर. हे केंद्र आज मंजूर झालं तरी पाण्यात उतरायला तुला किती वर्षं लागतील देव जाणे. महापालिकेचे तलाव रमणमळ्यात आहेत, अंबाई टँकला आहेत. या आठवड्यात फोन करून विचार, बायकांची बॅच किती वाजता असते. सकाळची असली तर त्या तासाचा डबा मिस्टरांना करू दे, आणि मोजणीची वही सासूबाईंकडं दे. कट्ट्यावरून त्यांना खिडकीपेक्षा जास्त दिसतं.